बस विरळ होत असताना : प्रवाशाने पाठपुरावा कसा करावा

मुंबईत बसमार्ग बंद झाल्याची सूचना थांब्यावर लावलेली क्वचितच दिसते. दहा मिनिटांनी येणारी गाडी आधी पंधरा मिनिटांनी येऊ लागते, मग पंचवीस मिनिटांनी. रात्रीची शेवटची फेरी अर्धा-पाऊण तास अलीकडे सरकते, रविवारी गाडी येईल की नाही याची खात्री उरत नाही, आणि वर्षभराने कोणी विचारलेच तर “त्या मार्गावर प्रवासीच नाहीत” असे उत्तर मिळते. प्रवासी नाहीत म्हणून गाड्या कमी झाल्या, की गाड्या कमी झाल्या म्हणून प्रवासी रिक्षाकडे वळले, हा प्रश्न तोवर कागदावर कुठेच राहिलेला नसतो. ज्यांनी आजवर कोणत्याही कार्यालयात साधा अर्जही दिलेला नाही, पण ज्यांची रोजची बस अशी विरळ होत चालली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणे मुंबईची आणि तिथल्या ‘बेस्ट’ या बससेवेची घेतली आहेत. इतर शहरांत कार्यालयांची नावे बदलतील, कामाची रीत फारशी बदलणार नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

मुंबईत बस धावू लागली ती १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर. तेव्हा ती एका खाजगी कंपनीची होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने ती कंपनी ताब्यात घेतली, आणि तेव्हापासून वीज व बस दोन्ही सांभाळणारा हा उपक्रम महापालिकेचा आहे. अनेक वर्षे विजेच्या उत्पन्नातून बसची तूट भरून निघत असे. ती सोय संपल्यानंतर बसचा खर्च महापालिकेच्या अनुदानावर आणि तिकिटाच्या पैशांवर येऊन पडला, आणि आजची बरीचशी ओढाताण तिथून सुरू झाली. २०१० च्या सुमारास बेस्टच्या ताफ्यात साडेचार हजारांहून अधिक गाड्या होत्या. आज स्वमालकीच्या आणि भाड्याच्या अशा सगळ्या मिळून त्या तीन हजारांच्या आत आहेत, आणि स्वमालकीच्या गाड्यांचा आकडा तर हजाराच्याही खाली गेला आहे. जानेवारी २०१९ मधल्या नऊ दिवसांच्या संपानंतर त्याच वर्षी कामगार संघटनेशी जो करार झाला, त्यात स्वमालकीच्या ३,३३७ गाड्या राखण्याचे ठरले होते. हा आकडा लक्षात ठेवावा. बेस्टविषयीच्या कोणत्याही बैठकीत तो कोणी ना कोणी काढतोच.

भाड्याच्या गाड्यांचा व्यवहार समजून घेतल्याशिवाय आजची कपात कळत नाही. ‘वेट लीज’ या पद्धतीत गाडी, चालक आणि देखभाल ठेकेदाराची असते, आणि बेस्ट त्याला दर किलोमीटरमागे ठरलेली रक्कम देते. ठेकेदाराला तो दर परवडेनासा झाला आणि त्याने मुदतीआधीच काम सोडले, किंवा त्याच्या चालकांनी थकलेल्या पगारासाठी काम थांबवले, की एका दिवसात अख्ख्या आगाराचे वेळापत्रक कोलमडते. जुन्या गाड्या आयुर्मान संपल्यावर भंगारात जातात, त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या गाड्यांचा पुरवठा लांबतो, आणि मधली पोकळी थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला येते.

दुसऱ्या बाजूला मेट्रो वाढते आहे. वर्सोवा-घाटकोपर मार्ग जून २०१४ मध्ये सुरू झाला. पश्चिम उपनगरांतल्या २-अ आणि ७ या मार्गिकांचा पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्ये आणि दुसरा जानेवारी २०२३ मध्ये खुला झाला. ‘मेट्रो ३’ ही आरे ते कफ परेड अशी ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होत ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. मे २०२५ चा दुसरा आठवडा मला विशेष आठवतो. ९ मे रोजी मेट्रो ३ च्या वरळीपर्यंतच्या टप्प्याचे उद्घाटन झाले, आणि त्याच दिवसापासून बेस्टचे किमान भाडे साध्या गाडीसाठी पाच रुपयांवरून दहा रुपये आणि वातानुकूलित गाडीसाठी सहा रुपयांवरून बारा रुपये झाले. वर्तमानपत्रांत दोन्ही बातम्या होत्या. फोटो अर्थातच मेट्रोचा होता.

मेट्रोला विरोध करणे हा बसच्या पाठपुराव्याचा भाग नव्हे, हे नवख्या कार्यकर्त्याने आधीच मनाशी ठरवून घ्यावे. मेट्रोच्या स्थानकापर्यंत पोहोचायला बस लागते, आणि जिथे मेट्रो जात नाही तिथे तर बसच लागते. मेट्रोमुळे लांबच्या मार्गावरच्या गाड्या मोकळ्या होत असतील, तर त्या गाड्या आडव्या रस्त्यांवर, वस्त्यांच्या आत, स्थानकाच्या दारात वळवा, एवढेच आपले म्हणणे आहे. मोकळ्या झालेल्या गाड्या हिशेबातून गायब होणे आपल्याला मान्य नाही.

पहिली पायरी : एक मार्ग, एक थांबा, एक वही

नवखा माणूस बहुधा “मुंबईची बस वाचवा” इथून सुरुवात करतो आणि महिन्याभरात थकतो. आपण रोज ज्या मार्गाने जातो तोच एक मार्ग घ्यावा, आणि ज्या थांब्यावर आपण खरोखर उभे राहतो तोच थांबा. वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी असलेल्याने कुर्ला ते वांद्रे स्थानकांदरम्यान धावणाऱ्या ३१० ची संध्याकाळची रांग मोजावी. मालवणीत राहणाऱ्याने मालाड स्थानकाकडे जाणाऱ्या गाड्या मोजाव्यात. ओळखीच्या ठिकाणी आपली चूक आपल्यालाच लवकर कळते.

वहीत प्रत्येक गाडीसाठी एक ओळ लिहावी. मार्ग क्रमांक, दिशा, थांब्यावर आल्याची वेळ मिनिटासह, गाडीच्या नोंदणी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, गाडी थांबली की तशीच पुढे गेली, आणि किती जणांना चढता आले नाही. नोंदणी क्रमांक लिहिणे अनावश्यक वाटेल, पण पुढे आगाराच्या नोंदींशी आपली वही जुळवून पाहायची वेळ येते तेव्हा वाद तिथेच मिटतो. गाडीच्या समोरच्या पाटीवरचा मार्ग क्रमांक मराठी आकड्यांत असतो. लांबून तो नीट दिसत नसेल तर अंदाजाने लिहू नये, गाडी जवळ येऊ द्यावी.

मोजणी सलग दोन-तीन तासांची असावी आणि किमान तीन साध्या कामाच्या दिवशी करावी. माझी पहिली मोजणी दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशीची होती. मी ती मोठ्या अभिमानाने एका अधिकाऱ्यापुढे ठेवली, आणि त्यांनी तारीख पाहून वही शांतपणे परत केली. सण, सणाचा आदला-नंतरचा दिवस, मुसळधार पाऊस, शाळांच्या सुट्ट्या आणि महिन्याचा दुसरा शनिवार हे सगळे टाळावे. एखाद्या वेळी मुद्दाम पावसाच्या दिवशी मोजावेसे वाटले तर ती नोंद वेगळ्या पानावर ठेवावी.

सकाळी साडेसात ते दहा या वेळेत थांब्यावर वही घेऊन उभे राहिले की ज्या गोष्टी एरवी दिसत नाहीत त्या दिसतात. एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या मागोमाग येतात. पहिलीच्या पायरीवर माणसे लोंबकळत असतात आणि दुसरी निम्मी रिकामी असते. डब्याची पिशवी हातात धरलेली, चार घरची कामे करणारी बाई पहिली गाडी सोडते, कारण तिला गुडघ्यामुळे गर्दीत चढता येत नाही, आणि दुसरी गाडी पहिलीला ओलांडून न थांबताच निघून जाते. मग ती घड्याळ पाहते, पदराच्या गाठीतले पैसे मोजते आणि सामायिक रिक्षाकडे चालू लागते. कार्यालयातल्या नोंदीनुसार मात्र त्या अर्ध्या तासात त्या मार्गावर दोन गाड्या धावलेल्या असतात आणि त्यांतली एक रिकामी असते.

म्हणूनच नुसत्या गाड्या मोजून भागत नाही, गाड्यांमधले अंतर मोजावे लागते. समजा, वेळापत्रकानुसार तासाला सहा गाड्या आहेत. त्या दर दहा मिनिटांनी आल्या तर माणसाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. त्याच सहा गाड्या जोडीजोडीने आल्या, म्हणजे एकीमागून एका मिनिटात दुसरी आणि मग एकोणीस मिनिटे काहीच नाही, तर गाड्या सहाच राहतात पण सरासरी थांबणे नऊ मिनिटांवर जाते, कारण बहुतेक माणसे त्या मोठ्या खंडातच थांब्यावर येतात. हिशेब सोपा आहे. प्रत्येक दोन गाड्यांमधल्या मिनिटांचा वर्ग करावा, सगळ्या वर्गांची बेरीज करावी, आणि तिला एकूण मिनिटांच्या दुपटीने भागावे. वरच्या उदाहरणात तासाभराची बेरीज १,०८६ येते. तिला १२० ने भागले की उत्तर नऊ. हा एक आकडा अधिकाऱ्यांपुढे ठेवला की संभाषणाचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे. “गाड्या येतच नाहीत” या वाक्याला उत्तर देणे सोपे असते, “सरासरी थांबणे पाचाचे नऊ मिनिटे झाले आहे” याला मात्र उत्तर द्यायला नोंदी उघडाव्या लागतात.

‘चलो’ अॅपवर गाडीचे ठिकाण दिसते आणि त्याचा मोजणीला उपयोग होतो. पण अॅपमध्ये दिसलेली गाडी आणि थांब्यावर आलेली गाडी या दोन वेगळ्या नोंदी मानाव्यात. अॅपमध्ये जवळ आलेली गाडी मध्येच दिसेनाशी झाली तर तेही वेळेसह लिहावे.

दुसरी पायरी : कोणाच्या हातात काय आहे

चुकीच्या दारावर ठोठावण्यात नवख्यांचे महिने जातात. फेऱ्या, वेळापत्रक, मार्गातले बदल आणि चालक-वाहकांची नेमणूक हे बेस्टच्या वाहतूक विभागाचे काम आहे. त्याची पहिली पायरी म्हणजे तुमच्या मार्गाच्या आगाराचा व्यवस्थापक, आणि शेवटची कुलाब्याच्या बेस्ट भवनातले महाव्यवस्थापक. भाडे वाढवायचे असेल तर बेस्टच्या प्रस्तावाला महापालिकेची आणि त्यानंतर मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते. त्यामुळे भाड्याविषयीचे निवेदन केवळ आगारात देऊन काही होत नाही. बसथांब्यासमोर वाहने उभी राहत असतील तर विषय वाहतूक पोलिसांचा आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयाचा होतो.

मेट्रोत तर मालकच वेगवेगळे आहेत. वर्सोवा-घाटकोपर मार्ग एका खाजगी भागीदारीतल्या कंपनीकडे आहे, २-अ आणि ७ मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) बांधून महामुंबई मेट्रोला चालवायला दिल्या आहेत, आणि मेट्रो ३ मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनची आहे. लोकलचा प्रश्न असेल तर मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांकडे जावे लागते. रेल्वेच्या प्रवासी सल्लागार समित्यांवर प्रवासी संघटनांचे प्रतिनिधी असतात आणि त्यांच्यामार्फत विषय मांडता येतो. या सगळ्यांना एकत्र बसवणारी एक महानगर परिवहन यंत्रणा असावी ही जुनी अपेक्षा आहे. तोवर एकाच निवेदनाच्या चार प्रती चार ठिकाणी देणे हाच प्रवाशाच्या हातातला समन्वय आहे.

पुण्याच्या वाचकांसाठी एवढेच की पीएमपीएमएल ही २००७ मध्ये दोन शहरांच्या सेवा एकत्र करून झालेली कंपनी आहे. तिथे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांकडून पैसा येतो, त्यामुळे निवेदनही दोन्हीकडे द्यावे लागते.

तिसरी पायरी : माहितीचा अधिकार

वही तयार झाली की कार्यालयाच्या स्वतःच्या नोंदी मागवाव्यात. माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली अर्जाला १० रुपये शुल्क आहे. ते कोर्ट फी स्टॅम्प लावून भरता येते, आणि राज्याच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्जही करता येतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा लागतो आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांत बसवावा लागतो. ही अट अनेकांना जाचक वाटते. मला ती उपकारक वाटते, कारण तिच्यामुळे अर्ज नेमका होतो.

नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे “आमच्या मार्गावरील गाड्या का कमी केल्या?” असा प्रश्न विचारणे. कायद्याने नोंदीत असलेली माहिती मिळते. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर नोंदीत नसेल तर ते द्यायला अधिकारी बांधील नाही, आणि अर्ज एका ओळीत निकाली निघतो. त्याऐवजी असा मजकूर लिहावा :

“मार्ग क्रमांक अमुक याबाबत दिनांक अमुक ते अमुक या कालावधीतील पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात. (१) लागू असलेले मंजूर वेळापत्रक. (२) दररोजच्या नियोजित फेऱ्या आणि प्रत्यक्ष झालेल्या फेऱ्या दर्शविणाऱ्या नोंदी. (३) रद्द झालेल्या फेऱ्यांची कारणनिहाय नोंद. (४) या कालावधीत मार्ग, वेळापत्रक किंवा गाड्यांची संख्या बदलणारे आदेश.”

कालावधी तीन महिन्यांचा घ्यावा. त्याच तीन महिन्यांची पाच वर्षांपूर्वीची माहिती वेगळ्या अर्जात मागवावी, म्हणजे तुलना करता येते. मार्गावर भाड्याच्या गाड्या असतील तर तिसरा अर्ज ठेकेदाराशी झालेल्या कराराची प्रत, दर किलोमीटरचा दर आणि चुकलेल्या फेऱ्यांबद्दल झालेल्या दंडाची नोंद यांसाठी करावा. दंडाच्या नोंदीचा कागद फार बोलका असतो. फेऱ्या चुकल्या आणि दंडाचा रकाना कोरा असेल, तर पुढच्या निवेदनाचा पहिला परिच्छेद आयताच मिळतो.

उत्तर तीस दिवसांत यायला हवे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे, आणि तेही निष्फळ ठरले तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. आयोगापुढे प्रकरणे रखडतात, म्हणून माझा सल्ला असा की पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहावे. समोरासमोर बसल्यावर, “प्रती काढणे अवघड आहे, पण नोंदवही पाहायला या” असे अनेकदा सांगितले जाते. ती संधी सोडू नये. नोंदींची पाहणी करणे हाही याच कायद्याने दिलेला अधिकार आहे, आणि आगारातल्या नोंदवहीत तासभर घालवले की रद्द फेऱ्यांच्या रकान्यात ‘चालक नाही’, ‘गाडी नाही’, ‘वाहतूक कोंडी’ यांपैकी काय वारंवार येते ते डोळ्यांनी पाहता येते. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. कोंडीमुळे फेऱ्या बुडत असतील तर नव्या गाड्या मागून उपयोग नाही, तिथे बससाठी राखीव मार्गिका मागावी लागते.

चौथी पायरी : एकट्याचा अर्ज दहा जणांचा करणे

थांब्यावरची माणसे रोज भेटतात पण बोलत नाहीत. मोजणीच्या वहीमुळे बोलणे आपोआप सुरू होते, कारण “काय लिहिताय?” असे कोणीतरी विचारतेच. त्यांतले पाच-सहा जण नियमित झाले की मोजणी वाटून घ्यावी. विद्यार्थी, रुग्णालयांत पाळीची नोकरी करणारे आणि घरकामाला जाणाऱ्या बायका यांना मुद्दाम सोबत घ्यावे. ज्याला रिक्षा परवडते तो तक्रार मोठ्याने करतो आणि मग रिक्षाने निघून जातो. पहाटेची आणि रात्रीची फेरी कोणाला खरोखर लागते ते या बाकीच्यांकडूनच कळते.

वाहक-चालकांशी वैर धरू नये. गाडी उशिरा आल्याचा राग पहिल्यांदा त्यांच्यावर निघतो, पण वेळापत्रकातली कोणती वेळ अशक्य आहे, कोणत्या सिग्नलला दहा मिनिटे जातात आणि कोणती फेरी कागदावरच धावते हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. त्यांनी सांगितलेले मात्र त्यांच्या नावाने कुठेही लिहू नये. तीच गोष्ट नोंदींतून शोधून काढावी.

मुंबईत ‘आमची मुंबई, आमची बेस्ट’ हा नागरिकांचा मंच आणि पुण्यात पीएमपी प्रवासी मंच, परिसर अशा संस्थांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे. नवा गट काढण्याआधी अशा एखाद्या बैठकीला जाऊन बसावे. जुन्या कार्यकर्त्यांकडे निवेदनांच्या प्रती, करारांचे कागद आणि मुख्य म्हणजे कोणत्या मजल्यावर कोण ऐकून घेते याची माहिती असते.

पाचवी पायरी : निवेदन

निवेदन एका पानाचे असावे, आणि त्यात मागणी एकच असावी. “सेवा सुधारावी” ही मागणी नाही. “मार्ग क्रमांक अमुक वर सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळेत स्थानकाच्या दिशेने तासाला चारऐवजी सहा फेऱ्या द्याव्यात” ही मागणी आहे, कारण ती मान्य झाली की नाही हे दोन महिन्यांनी मोजून सांगता येते. गाड्यांच्या संख्येपेक्षा फेऱ्यांची मागणी करावी. गाड्या वाढल्याची घोषणा होते आणि त्या दुसऱ्याच आगारात जातात. फेरी मात्र मार्गाशी आणि वेळेशी बांधलेली असते.

शहरभराच्या ताफ्याविषयी बोलायचे असेल तर केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या सेवा निकषांचा आधार घेता येतो. त्यांत दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस ही उत्तम पातळी मानली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांवर होती, म्हणजे त्या हिशेबाने जवळपास साडेसात हजार गाड्या लागतात. हा आकडा सभेत उपयोगी पडतो. आगार व्यवस्थापकापुढे तो मांडून फारसा उपयोग नाही, कारण त्याच्या हातात त्याच्या आगाराच्या गाड्या असतात.

दोन मार्ग तोडून मध्ये मेट्रो स्थानकावर गाडी बदलायला लावली जात असेल, तर भाड्याचा हिशेब निवेदनात अवश्य मांडावा. साध्या गाडीत पाच किलोमीटरपर्यंत दहा रुपये आणि दहा किलोमीटरपर्यंत पंधरा रुपये लागतात. आठ किलोमीटरचा थेट प्रवास पंधरा रुपयांत होत होता, तो चार-चार किलोमीटरच्या दोन गाड्यांत तोडला की वीस होतो, आणि मधल्या टप्प्यात मेट्रो घ्यावी लागली तर तिचे किमान दहा रुपये वेगळे. वाढलेला वेळही तसाच मिनिटांत लिहावा. “गैरसोय होते” हे शब्द कार्यालयाला रोज ऐकू येतात.

निवेदन हातोहात द्यावे, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी, आणि ती प्रत जपून ठेवावी. एका कार्यालयात मी एकदा ओळखीवर विसंबून शिक्क्याशिवाय निवेदन देऊन आलो. तीन महिन्यांनी चौकशीला गेलो तेव्हा असे निवेदन आल्याची नोंदच नव्हती आणि ओळखीचे गृहस्थ बदलून गेले होते. आवक क्रमांक असला की पुढचा माहिती अधिकार अर्ज एका ओळीचा होतो : अमुक क्रमांकाच्या निवेदनावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत मिळावी.

सहावी पायरी : योग्य वेळ पकडणे

बेस्टचा अर्थसंकल्प साधारण ऑक्टोबरमध्ये महाव्यवस्थापक मांडतात आणि पुढे तो महापालिकेच्या मंजुरीला जातो. फेऱ्या वाढवायच्या म्हणजे पैसे लागतात, आणि फेब्रुवारीत जागे झालेल्या प्रवाशासाठी त्या वर्षीचे पैसे बहुतेक वाटून झालेले असतात. म्हणून मोजणी जून-जुलैत, मुसळधार पावसाचे दिवस वगळून, आणि निवेदन सप्टेंबरच्या आत असा क्रम ठेवावा. ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपल्यापासून सगळा कारभार प्रशासकाकडे होता, आणि त्या काळात निवेदनावर सभागृहात प्रश्न विचारायला कोणी नव्हते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने ती अडचण दूर झाली आहे. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला नुसते निवेदन देऊन थांबू नये. त्याला सभागृहात विचारता येईल असा दोन ओळींचा प्रश्न आणि ठरावाच्या सूचनेचा मसुदा लिहून द्यावा. तयार मसुदा देणारा प्रवासी लोकप्रतिनिधींच्या लक्षात राहतो.

मेट्रोचे काम चालू असेल तर

मेट्रोचे काम सुरू होताना रस्त्यात पत्रे लागतात, थांबा दोनशे मीटर पुढे सरकतो, मार्ग ‘तात्पुरता’ वळवला जातो आणि काम संपल्यावर तो मूळ जागी आणायचे कोणाच्याच लक्षात राहत नाही. लाल बहादुर शास्त्री मार्गावर मेट्रो ४ आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर मेट्रो ६ यांची कामे वर्षानुवर्षे चालली आहेत. तिथल्या रहिवाशांनी आपल्या थांब्याची मूळ जागा फोटो आणि तारखेसह आजच नोंदवून ठेवावी. वळवल्याच्या आदेशाची प्रत मागवावी आणि त्यात मुदत लिहिली आहे का ते पाहावे. मुदत नसलेला तात्पुरता आदेश हा कायमचाच समजून चालावे.

नव्या मार्गिकेच्या बाबतीत केंद्र सरकारचे २०१७ चे मेट्रो रेल्वे धोरण हाताशी ठेवावे. केंद्राची मदत हवी असलेल्या प्रस्तावात मेट्रोखेरीज इतर पर्यायांचा तौलनिक अभ्यास हवा, आणि स्थानकांच्या पाच किलोमीटर परिसरात पूरक बससेवा, पादचारी व सायकल मार्ग यांची हमी राज्याने प्रकल्प अहवालातच द्यावी, असे त्यात म्हटले आहे. मेट्रो ३ सारखे आधी मंजूर झालेले प्रकल्प याच्या कक्षेत येत नाहीत, पण पुढच्या प्रस्तावांना ही अट सरळ लागू पडते. तेव्हा प्रकल्प अहवालाची प्रत मागवावी, पूरक बससेवेचे प्रकरण उघडावे, आणि तिथे लिहिलेल्या बसमार्गांपैकी किती आज प्रत्यक्षात धावतात ते मोजावे. स्थानकाच्या जिन्यापासून बसथांब्यापर्यंतचे अंतर पावलांनी मोजावे आणि मध्ये पदपथ आहे का, रस्ता ओलांडावा लागतो का हेही टिपावे. हे काम एका संध्याकाळी दोन माणसांकडून होते.

आगारांच्या जमिनींवरही लक्ष ठेवावे. मोक्याच्या जागेवरच्या आगाराच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आला की उत्पन्नाचे आकडे पुढे केले जातात. त्या वेळी पहिला प्रश्न एवढाच विचारावा की बांधकामाच्या काळात इथल्या गाड्या रात्री कुठे उभ्या राहणार, आणि सकाळी पहिल्या थांब्यापर्यंत त्या किती किलोमीटर रिकाम्या धावणार. दूरच्या आगारातून निघालेली गाडी पहाटेच्या फेरीला उशिराच पोहोचते.

मागणी मान्य झाल्यावर

एखाद्या सोमवारी फेऱ्या वाढल्याची बातमी येते, थांब्यावर पेढे वाटले जातात आणि गट विस्कळीत होतो. वाढवलेल्या फेऱ्या पहिल्या पंधरवड्यात नियमित असतात. त्यामुळे दुसरी मोजणी तिसऱ्या महिन्यात करावी, त्याच थांब्यावर, त्याच वेळेत, त्याच पद्धतीने. सरासरी थांबणे नऊ मिनिटांवरून सहावर आले असेल तर आगार व्यवस्थापकांना तसे पत्र लिहून आभार मानावेत. असे पत्र त्यांना क्वचितच मिळते, आणि पुढच्या वेळी दार लवकर उघडते. आकडा पुन्हा नऊकडे सरकत असेल तर वहीच्या दोन्ही पानांच्या प्रती जोडून नवे निवेदन द्यावे, त्यात जुन्या निवेदनाचा आवक क्रमांक पहिल्याच ओळीत लिहावा, आणि नव्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नये.